पुसली जाणारी अक्षरे

गेल्या दिवाळीच्या आधीचा रविवार. स्वयंपाकघरात रव्याच्या लाडवांचा पाक शेगडीवर चढला होता, आणि तो एकतारी झाला की नाही या प्रश्नावर आमच्या घरात नेहमीप्रमाणे दोन पक्ष पडले होते. सौभाग्यवतींनी पाकाचा थेंब दोन बोटांत धरून तार ओढून पाहिली, "झाला," असा निकाल दिला आणि आम्हां पुरुषमंडळींची रवानगी बाहेरच्या खोलीत केली. पुरुषमंडळी म्हणजे मी आणि माझा भाचा. हा भाचा एका कंपनीत संगणकाचे काम करतो. दिवाळीला चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता. पण आल्यापासून त्याचे लक्ष ना फराळात होते, ना आकाशकंदिलात. रात्री दीड-दोनपर्यंत त्याच्या खोलीतला दिवा जळत असे.

"काय रे, एवढे काय अडले आहे?" मी विचारले.

"मामा, एक शब्द अडला आहे," तो म्हणाला. "एकच शब्द, आणि तोही मीच लिहिलेला. दिसायला अगदी बरोबर दिसतो. पण त्याच्यापायी सगळा हिशेब चुकतो आहे."

संगणकाच्या माणसाला एका शब्दासाठी तीन रात्री जागरण घडावे, हे ऐकून माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाचे कान टवकारले नाहीत तरच नवल! शब्दावाचून अडणे हा आमचा प्रांत. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, "सांग तर खरे. मला कळेल अशा भाषेत सांग."

त्या दुपारी आणि पुढच्या दोन दिवसांत त्याने जे सांगितले, ते माझ्या समजुतीप्रमाणे वाचकांपुढे ठेवतो आहे. विषय वरवर रुक्ष आहे. पण आपल्या खिशातला दूरध्वनी ज्यावर चालतो, त्यातला हा भाग आहे. आणि सरतेशेवटी तो निघतो दिलेल्या शब्दाला जागण्याच्या जुन्याच गोष्टीवर.

*

संगणकाला आपली भाषा कळत नाही, हे आता शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याला कळते ती यंत्रभाषा. नुसत्या शून्य आणि एक यांच्या माळा. माणसाने आपल्याला झेपेल अशा भाषेत लिहावे आणि त्याचे यंत्रभाषेत रूपांतर एका दुसऱ्या प्रोग्रॅमने करावे, या युक्तीतून 'कंपायलर' जन्माला आला. मराठीत त्याला 'संकलक' म्हणतात. १९५२ साली अमेरिकेत ग्रेस हॉपर या विदुषींनी या दिशेचे पहिले पाऊल टाकले, आणि १९५७ साली जॉन बॅकस यांच्या मंडळींनी आयबीएम कंपनीत फोरट्रान भाषेचा संकलक तयार केला. तेव्हापासून भाषांना जणू पूर आला. यंत्रेही तऱ्हेतऱ्हेची निघाली.

इथे एक गणित आडवे येते. भाषा दहा आणि यंत्रे दहा असली, तर प्रत्येक जोडीला एक याप्रमाणे शंभर संकलक हवेत. पण मध्ये एक सामाईक भाषा ठेवली, तर दहा रूपांतरे तिच्यात येणारी आणि दहा तिच्यातून जाणारी, अशा विसांत भागते. ही कल्पना १९५८ सालीच 'अनकोल' या नावाने मांडली गेली होती. पण प्रत्यक्षात ती नीट उतरायला फार वर्षे लागली.

ती ज्यांनी उतरवली, त्यांतला आजचा सर्वांत नावाजलेला प्रकल्प म्हणजे 'एलएलव्हीएम'. २००० साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर हा विद्यार्थी आणि विक्रम अडवे हे त्याचे प्राध्यापक यांनी तो सुरू केला. हे अडवे आपल्या पवईच्या आयआयटीचे पदवीधर, हे ऐकून मला उगाचच बरे वाटले. २००३ साली त्याची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. आज सी, सी प्लस प्लस, स्विफ्ट, रस्ट, ज्युलिया अशा अनेक भाषांतले लिखाण याच सामाईक सांगाड्यातून यंत्रापर्यंत पोचते. अ‍ॅपलचे दूरध्वनी काय किंवा अँड्रॉइडचे काय, त्यांच्यातला बराचसा यंत्रसंसार याच्याच हातून गेलेला असतो. २०१२ सालचा एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअरसाठीचा मानाचा पुरस्कार लॅटनर, अडवे आणि एव्हन चेंग या तिघांना या कामाबद्दल मिळाला.

आमच्या भाच्याची कंपनी मीटरसारख्या लहान उपकरणांसाठी संकलक तयार करते. अर्थात याच सांगाड्यावर. त्यात नवे काही घालायचे झाले की ते काम याच्याकडे येते.

*

आता मुख्य मुद्दा. ही जी मधली भाषा आहे, तिच्यात नुसत्या आज्ञा नसतात. 'हे त्यात मिळव, ते तिथे ठेव' एवढे सांगून संकलकाचे भागत नाही. त्याला चांगले, म्हणजे वेगाने धावणारे रूपांतर करायचे असते, आणि त्यासाठी त्याला मजकुराविषयी आणखी माहिती हवी असते. हा तुकडा कधीच अर्धवट सोडून पळणार नाही. ही संख्या शून्य किंवा एक एवढीच असते. हा तुकडा स्मृतीतले फक्त वाचतो, लिहीत काही नाही. अशी माहिती मजकुराला बाहेरून जोडलेली असते. तिचे दोन प्रकार आहेत: एकाला म्हणतात 'अ‍ॅट्रिब्यूट', दुसऱ्याला 'मेटाडेटा'.

"म्हणजे शब्दकोशातले 'पुं.', 'स्त्री.', 'न.'?" मी विचारले. "शब्द बोलताना ते कोणी उच्चारत नाही, पण त्यावाचून वाक्य जुळत नाही."

"तसेच काहीसे," तो म्हणाला. "पण आमच्याकडे ही अक्षरे काम झाले की पुसली जातात. शेवटच्या यंत्रभाषेत ती दिसत नाहीत. त्यांनी करायचा तो परिणाम करून घेतलेला असतो."

हे वाक्य ऐकले मात्र, आणि मला आतल्या शेगडीवरचा पाक आठवला! 'पाक' या शब्दाची पाणिनीने सांगितलेली घडण संस्कृत शिकलेल्यांना ठाऊक असेल. धातू 'पच्', म्हणजे शिजवणे. त्याला जोडायचा प्रत्यय 'घञ्'. त्यातला 'घ्' आणि 'ञ्' हे दोन्ही वर्ण लोप पावतात, उरतो नुसता 'अ'. मग हे दोघे आले कशाला? तर खूण सांगायला. 'घ्' सांगतो, धातूच्या शेवटच्या 'च्'चा 'क्' करा. 'ञ्' सांगतो, आतल्या 'अ'ची वृद्धी करून 'आ' करा. झाला 'पाक'. दोघांनी आपले काम केले आणि ते नाहीसे झाले. अशा वर्णांना व्याकरणात 'इत्' किंवा 'अनुबंध' म्हणतात.

आणखी गंमत अशी, की हा अनुबंध चुकला तर शब्दच बदलतो. 'कृ' धातूला 'क्त' लावला की 'कृत' होते. त्यातला 'क्' सांगतो की धातूच्या स्वराला गुण करू नका. 'तृच्' लावला, तर तो 'क्' तिथे नाही. म्हणून गुण होतो आणि 'कर्तृ' तयार होते. केलेले आणि करणारा यांत जो फरक, तो घडवणाऱ्या खुणांतली एक खूण शेवटच्या शब्दात दिसतसुद्धा नाही.

भाचा हे ऐकत राहिला आणि म्हणाला, "मामा, हे आमच्या लोकांना सांगायला हवे." मी म्हटले, अगदीच कोणी सांगितले नाही असे नाही. भाषांचे नियम लिहिण्याची जी पद्धत बॅकस यांच्या नावाने ओळखली जाते, तिला पाणिनीचेही नाव द्यावे, असे १९६७ साली इंगरमन नावाच्या एका अमेरिकन जाणकाराने पत्र लिहून सुचवले होते. त्या सूचनेचा फारसा उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

*

अ‍ॅट्रिब्यूट आणि मेटाडेटा यांतला भेद त्याने मला मोठ्या मजेदार रीतीने समजावला. अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे दस्तऐवजावरचा शिक्का. मेटाडेटा म्हणजे त्याला टाचणीने लावलेली चिठ्ठी. एखादा कारकून कागद हाताळताना चिठ्ठी निसटली, तर दस्तऐवज रद्द होत नाही. फार तर काम थोडे रेंगाळते. मेटाडेटाची घडणच अशी ठेवलेली आहे, की संकलकातल्या एखाद्या टप्प्याला ती चिठ्ठी कळली नाही, तर त्याने ती खुशाल टाकून द्यावी; प्रोग्रॅमचा अर्थ बदलता कामा नये. शिक्क्यांचे तसे नाही. काही शिक्के गळाले तर नुसता वेग जातो. पण काही गळाले तर कामच बिघडते. लहान आकडा मोठ्या खणात ठेवून दुसऱ्याच्या हाती देताना उरलेली जागा शून्यांनी भरायची की आकड्याचे ऋणचिन्ह पाहून, हे सांगणारा शिक्का असतो. तो हरवला, तर देणारा एक समजतो आणि घेणारा दुसरे.

"म्हणजे चिठ्ठी हरवली तर चालते," मी म्हणालो.

"हरवली तर चालते, खोटी असली तर चालत नाही. शिक्का असो की चिठ्ठी, संकलक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. तो पडताळून पाहत नाही. पाहूच शकत नाही. तेवढे कळत असते, तर शिक्का हवाच कशाला होता?"

आणि मग त्याने आपली तीन रात्रींची कहाणी सांगितली.

पाण्याच्या मीटरमध्ये पाणी वाहिले की ठोके मोजले जातात. ते एका खणात साठतात. तो खण वाचणारे एक छोटे काम, ज्याला हे लोक 'फंक्शन' म्हणतात, याच्या हाताखालून गेले. ते खण वाचते आणि आकडा परत देते. याने त्याच्यावर 'फक्त वाचतो' असा शिक्का मारला. दिसायला खरा. पण त्या यंत्राचा तो खण असा, की वाचला की आपोआप शून्य होतो! तिथे वाचणे म्हणजेच पुसणे. मीटरचा प्रोग्रॅम तो खण एकदा वाचायचा, मग थोड्या वेळाने पुन्हा वाचायचा, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करायचा. समजा, पहिल्यांदा सात मिळाले आणि दुसऱ्यांदा दोन, बेरीज नऊ. आता संकलकाने काय केले? त्याने शिक्का वाचला: 'फक्त वाचतो.' मध्ये दुसऱ्या कोणी काही लिहिलेले नाही. मग दोनदा वाचायचे कशाला? पहिलेच उत्तर दुसऱ्यांदाही वापरू. सात आणि सात, चौदा!

"नऊ वापरले आणि चौदाचा हिशेब!" मी उद्गारलो. "अरे, हे पाणी कोणाच्या तरी घरी जाणार. बिल त्याला येणार."

"म्हणून तर झोप नाही," तो म्हणाला. "चाचणीच्या टेबलावर सापडले, म्हणून निभावले. आणि खरी गोष्ट अशी, की संकलक चुकला नाही. मीटरचा प्रोग्रॅम लिहिणाराही चुकला नाही. मी एक विशेषण खोटे लावले."

*

ही नवशिक्याची चूक म्हणून सोडून द्यावी, असेही नाही. मोठमोठ्यांना याच वाटेवर ठेचा लागल्या आहेत. त्यातल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट 'नोएलिआस' या शिक्क्याची. त्याचा अर्थ असा: या पेटीची किल्ली या घटकेला फक्त माझ्याजवळ आहे, दुसऱ्या वाटेने या पेटीला कोणी हात लावणार नाही. असे कळले की संकलक निर्धास्त होतो. पेटीत काय आहे ते एकदा पाहिले की पुन्हा पुन्हा उघडून पाहत नाही. सी भाषेत असे वचन देण्याची सोय १९९९ सालापासून आहे; पण ते द्यायचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने, स्वतःच्या जबाबदारीवर, आणि म्हणून ते जपूनच दिले जाई. पुढे २०१५ साली रस्ट भाषेची पहिली स्थिर आवृत्ती आली. तिचा नियमच असा, की बदल करण्याच्या हेतूने एखादी वस्तू हाती घेतली, तर तेवढा वेळ ती दुसऱ्या कोणाच्या हाती असता कामा नये. म्हणजे हे वचन तिथे जवळजवळ पदोपदी खरे. तेव्हा रस्टच्या मंडळींनी तो शिक्का सढळ हाताने मारायला सुरुवात केली.

आणि बरोबर लिहिलेले प्रोग्रॅम चुकीची उत्तरे देऊ लागले!

शिक्का खरा होता, भाषा खरी होती. मग दोष कुठे? तो मधल्या सांगाड्यात होता. तो शिक्का पूर्वी इतका क्वचित वापरला जाई, की त्याच्याशी संबंधित चुका वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस आल्याच नव्हत्या. त्यातली एक चूक मोठी शिकण्यासारखी आहे. एखादे छोटे काम मोठ्या कामात विरघळवून टाकले, की त्याच्यावरच्या शिक्क्याची चिठ्ठी केली जाते, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूटचा मेटाडेटा होतो. तेच काम फेऱ्याफेऱ्यांनी होत असेल, तर संकलक वेगासाठी दोन-चार फेऱ्या सलग मांडून लिहितो. तसे करताना चिठ्ठीचीही नक्कल होई. आणि 'या फेरीपुरती किल्ली माझ्याकडे' हे वचन 'सगळ्या फेऱ्यांत किल्ली माझ्याकडे' असे वाचले जाई. आजच्यापुरता दिलेला शब्द उद्याला चिकटला.

रस्टच्या लोकांनी तो शिक्का बंद केला, पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद केला. अखेर मधल्या भाषेतच एक भर घातली गेली: वचन नेमके कोणत्या जागेपासून सुरू होते, हे सांगणारी नवी खूण. एलएलव्हीएमची बारावी आवृत्ती ती घेऊन आली आणि २०२१ साली रस्टच्या १.५४ या आवृत्तीत तो शिक्का पुन्हा लागू झाला. शब्द तोच, पण त्याची मुदत लिहिण्याची सोय नव्हती, ती करावी लागली.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. तिथे शिक्का खोटा नव्हता; शिक्काच नव्हता. सी प्लस प्लस भाषेच्या २०११ सालच्या नियमांप्रमाणे, बाहेर काहीच परिणाम न करता कायम फिरत राहणारे चक्र नसते असे संकलकाने धरून चालावे. एलएलव्हीएमची घडण मुख्यतः सी आणि सी प्लस प्लस यांच्या संगतीत झाली. तेव्हा ती समजूत तिच्या अंगात मुरली. पण रस्टमध्ये 'नुसते फिरत राहा' असे सांगणे पूर्ण कायदेशीर आहे, आणि त्याचा उपयोगही आहे. एखाद्या छोट्या उपकरणात काही बिघडले, तर भलतेच काही करण्यापेक्षा जागच्या जागी फिरत राहणे बरे, म्हणून तसे लिहितात. संकलक ते चक्र काढून टाकी. चक्र गेले की यंत्र थांबायच्या ऐवजी पुढे सरके, आणि पुढे जे काही पडले असेल ते करू लागे. घराची कडी लावून बसलेल्या माणसाची भिंतच काढून घ्यावी, तसा हा प्रकार!

यावर तोड निघाली ती 'मस्टप्रोग्रेस' या नव्या अ‍ॅट्रिब्यूटची. 'हे काम पुढे सरकलेच पाहिजे' असे ज्या भाषेला म्हणायचे असेल, तिने तो शिक्का मारावा. ज्या भाषेला म्हणायचे नसेल, तिने मारू नये. हीसुद्धा बाराव्या आवृत्तीतली, २०२१ सालची भर. एका घरची रीत सगळ्यांची रीत म्हणून चालली होती. ती रीत शब्दांत लिहिली गेली, तेव्हा दुसऱ्या घराला आपली रीत पाळता आली. मी इतकी वर्षे प्रमाण भाषा आणि बोली यांवर व्याख्याने देतो. पण एवढ्या थोडक्यात मला हे कधी मांडता आले नव्हते.

*

"मग नवा शब्द घालायचा म्हणजे काय करायचे?" मी विचारले. आमच्याकडे कोणी वर्तमानपत्रात एखादा शब्द छापला, तो चार लोकांनी उचलला, की झाले. त्यांच्याकडे तसे नाही.

एक काळ असा होता, की एलएलव्हीएममध्ये शिक्के ठेवण्यासाठी बिटांची एक ठरावीक लांबीची पट्टी होती. एका शिक्क्याला एक खण. काम झटपट होई. पण खण संपत आले. नुसते 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगता येई; 'किती' आणि 'कोणते' हे सांगायला जागा जवळजवळ नव्हती. म्हणून २०१३ सालच्या ३.३ या आवृत्तीच्या सुमारास ती सगळी मांडणी मोडून नवी केली. शिक्क्यांचे गट करता येऊ लागले, आणि ज्याला आपल्या यंत्रापुरता खाजगी शिक्का हवा असेल, त्याला तो अक्षरांत लिहिण्याची मुभा मिळाली.

आतले फडताळ मोठे केले. पण बाहेरची खिडकी? या सांगाड्याला बाहेरच्या भाषा जिथून हाक मारतात, त्या खिडक्यांना 'इंटरफेस' म्हणतात. त्यांतली सी भाषेची खिडकी मुद्दाम फार बदलू नये, असा प्रघात. कारण तिच्यापुढे नाना भाषांचे लोक उभे असतात. तिथली शिक्क्यांची यादी जुन्या पट्टीच्या मापाची होती. आत नवे शिक्के आले, तरी खिडकीवर ते मागता येईनात. काही तर यादीत 'तूर्त नाहीत' अशा शेऱ्यासह नुसते पडून होते. शेवटी २०१७ साली चौथ्या आवृत्तीत ती जुनी यादीच काढून टाकली, आणि शिक्क्याचे नाव सांगून तो मिळवण्याची नवी पद्धत तिच्या जागी आली. जुन्या गिऱ्हाइकांना आपले लिखाण बदलावे लागले. पण पुढच्या प्रत्येक नव्या शब्दासाठी खिडकी फोडायची गरज उरली नाही.

आज कोणी सर्वांसाठी शिक्का घालू म्हणेल, तर त्याने आधी चर्चेत त्याची गरज पटवायची. मग भाषेच्या नियमग्रंथात त्याचा अर्थ लिहायचा. त्याला एक क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक पुढे दुसऱ्या कोणाला देत नाहीत. कारण २०११ साली निघालेल्या ३.० या आवृत्तीपासूनचे साठवलेले द्विमान लिखाण आजच्या संकलकाला वाचता आले पाहिजे, असे या मंडळींनी स्वतःवर बंधन घालून घेतले आहे. शिक्का भलत्या जागी मारला तर हरकत घेणारा तपासनीस शिकवावा लागतो. परीक्षा लिहाव्या लागतात. मजकुराची जिथे जिथे नक्कल होते, तुकडे होतात किंवा सांधे जुळवले जातात, तिथे तिथे या शिक्क्याचे काय करायचे, ते ठरवावे लागते. शब्द घालायला ओळी चार. त्याचा संसार सांभाळायला जन्म!

आणि शब्द फार झाले की आवरावेही लागतात. 'काहीच वाचत-लिहीत नाही', 'फक्त वाचतो', 'फक्त लिहितो', 'हाती दिले तेवढ्यालाच हात लावतो' असे स्मृतीविषयीचे सहा निरनिराळे शिक्के साचले होते, आणि त्यांतल्या एकाचे नाव तर सामासिक शब्दांच्या हौशी लेखकालाही दम लागेल इतके लांब होते. २०२३ सालच्या सोळाव्या आवृत्तीत ते सहाही मोडून 'मेमरी' हा एकच शिक्का केला, आणि कशाला हात लावायचा व कसा, हे त्याच्या कंसात लिहायचे ठरले. जुने लिखाण वाचताना जुन्या शिक्क्याचा नवा आपोआप होतो. कोशकारांनी हेवा करावा, अशी ही सोय.

*

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी भाचा माझ्याकडे एक कागद घेऊन आला. त्याने ठरवले होते, की आपल्या मीटरच्या खणासाठी एक नवा खाजगी शिक्का घालायचा: 'वाचले की पुसते.' त्याची व्याख्या त्याने लिहून आणली होती. "मामा, यातून एकच अर्थ निघतो का, तेवढे पाहा."

मी लाल पेन्सिल घेतली. उत्तरपत्रिका तपासण्याची सवय हाताला असतेच. "वाचले म्हणजे कोणी? प्रोग्रॅमने, की यंत्रातल्या दुसऱ्या भागाने?" तो गप्प. "दोघांनी एकदम वाचले तर कोणाला मिळते?" तो पुन्हा गप्प. "वाचून उत्तर वापरलेच नाही, तर ते वाचन गाळायचे की ठेवायचे?" यावर त्याने कागद परत मागितला.

रात्री जेवणे झाल्यावर तो हसत बाहेर आला. "मामा, शब्द घालायचा नाहीच. काढायचा."

त्याच्या ध्यानात असे आले, की चूक नवा शिक्का नसल्याची नव्हती. जुना खोटा शिक्का असल्याची होती. ज्या कामावर कोणताच शिक्का नाही, त्याच्याविषयी संकलक काहीही गृहीत धरत नाही. ते वाचत असेल, लिहीत असेल, पुसत असेल, असे सगळे धरून तो सावधपणे वागतो. आणि ज्या खणाला हात लावण्यानेच परिणाम होतो, त्याच्यासाठी सी भाषेत 'व्होलटाइल' हा शब्द १९८९ सालच्या प्रमाण नियमांपासून आहेच. मधल्या भाषेतही आहे. याने आपला 'फक्त वाचतो' हा एक शब्द पुसला. वेग किंचित उतरला. बेरीज नऊ आली.

"वेग थोडा गेला, त्याचे वरिष्ठ काही म्हणणार नाहीत का?" मी विचारले.

"म्हणतील. पण पाण्याचे बिल बरोबर येईल."

त्या रात्री त्याच्या खोलीतला दिवा लवकर मालवला गेला. मी मात्र बराच वेळ जागा होतो. आम्ही भाषेची माणसे विशेषणे किती सैल हाताने वाटतो! निष्णात, प्रामाणिक, सर्वश्रुत, अजोड; लिहून मोकळे होतो, कारण वाचणारा ती अर्धीच खरी मानतो, हे आम्हांला ठाऊक असते. तिकडे एक भाबडा वाचक असा आहे, की तो प्रत्येक विशेषण अक्षरशः खरे धरतो आणि त्यावर पुढचे सारे रचतो. त्याच्यासाठी लिहिणाऱ्याला शब्द जपून वापरावा लागतो. एका परीने तो वाचक चांगलाच म्हणायचा.

सकाळी अभ्यंगस्नान आटोपून आम्ही फराळाला बसलो. रव्याचे लाडू नेमके एकतारी पाकातले, मऊ आणि खुसखुशीत वळले होते. भाच्याने पहिला लाडू फोडून तोंडात टाकला आणि आतल्या बाजूला वळून मोठ्याने म्हणाला, "मामी, पाक अगदी बरोबर जमला हं!"

मी मनातल्या मनात म्हटले, त्यातला 'घ्' कुठे दिसत नाही आणि 'ञ्'ही दिसत नाही. पण दोघांनी आपले काम चोख केले आहे.